तात्पुरत्या कामाला लाल चिंधी

मैत्रिणींनो, हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरी व्हायला काय लागतं माहीत आहे? आमच्या भाईंदर पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये एवढंच लागलं, की मी मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोहोचले. तेवढ्यात माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्याही वाजवून झाल्या होत्या. तेव्हापासून अठ्ठावीस घरांचं पाणी, जिन्यातले दिवे आणि गच्चीची किल्ली माझ्या पदराला बांधली गेली आहे.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या बाईला पाण्याची वेळ आरतीसारखी पाठ असते. पाणी लांबून येतं, स्टेमचं आणि एमआयडीसीचं. ते येईल तेव्हा खालच्या टाकीत घ्यायचं आणि पंपाने गच्चीवर चढवायचं. मधला पंप रुसला, की खालची टाकी भरलेली असूनही घरातला नळ कोरडा.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी तसंच झालं. पंप सुरू होता, आवाज येत होता, पण गच्चीवरच्या टाकीत थेंब पडत नव्हता. इलेक्ट्रिशियन गावी गेलेला. प्लंबर फोन उचलेना. चौथ्या मजल्यावर बारशाचे पाहुणे जमलेले. ‘चालू द्या थोडा वेळ, येईल पाणी’ असं म्हणत आम्ही सगळे पंपाकडे बघत उभे होतो. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका लुंगीवरच खाली आले आणि कुणाला काही न विचारता त्यांनी मेन स्विच खाली पाडला.

“वहिनी, पाण्याशिवाय पंप चालवणं म्हणजे रिकामी कढई गॅसवर ठेवून बाजारात जाणं,” ते म्हणाले. मग चिनीमातीचा फ्यूज उपसून त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. “आता कुणी चुकून स्विच ओढला तरी पंप लागणार नाही. माझा हात आत असताना फ्यूज माझ्याच खिशात पाहिजे.”

काका सत्तरी ओलांडलेले, खाडीकाठच्या गावातले, मितभाषी. ‘बोटीवर होते’ एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी कळलं, की ही बोट मासेमारीची नव्हती. काका तीसेक वर्षं ड्रेझरवर होते. ड्रेझर म्हणजे बंदरातला आणि खाडीतला गाळ काढणारं जहाज. काही ड्रेझर मोठ्या पंज्याने गाळ उचलतात. काही मोठ्या पंपाने तळाचा गाळ पाण्यासकट ओढून घेतात आणि तरंगत्या पाइपांतून दूर नेऊन टाकतात. १९८९ मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, तेव्हा मोठ्या जहाजांसाठी पाण्याखालचा रस्ता खोल करावा लागला. तो गाळाने पुन्हा पुन्हा भरतो, म्हणून पुन्हा पुन्हा उपसावाही लागतो. असल्या कामांत काकांचं आयुष्य गेलेलं. आमचा सोसायटीचा पंप त्यांच्यापुढे म्हणजे खेळणंच.

आधी कान, मग पाना

आमच्यातल्या एका उत्साही भाऊंनी पाना काढला होता. काकांनी तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. “उघडायची घाई नको. आधी बघा, ऐका, हात लावा.”

त्यांनी हाताची पालथी बाजू मोटरजवळ नेली, मग टेकवली. पालथा हात नाजूक असतो, उष्णता लवकर कळते आणि चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. मोटर गरम होती, पण जळका वास नव्हता. “वाचली,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, “आवाज कसा येत होता?” मी म्हटलं, डब्यात खडे हलवल्यासारखा. त्यावर ते खूश झाले. पंपाला पोटभर पाणी मिळालं नाही, की तो असाच खडखडतो. ड्रेझरवर नव्या पोराला पहिले कित्येक दिवस हेच शिकवायचे. खरे दगड पंपात शिरले तर आवाज अधूनमधून येतो, ठोका पडल्यासारखा. पंप उपाशी असेल तर खडखड सलग चालते.

मैत्रिणींनो, इथे थोडं शास्त्र सांगते. मलाही त्याच दिवशी कळलं. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त पाइपातली जागा मोकळी करतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. आणि हवेचा जोर मोजकाच असतो. हिशेबाने फार तर दहा मीटर, म्हणजे तेहतीस-चौतीस फूट. प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांच्या पुढे पंपाला धाप लागते. म्हणूनच खोल पाण्यात काम करणाऱ्या ड्रेझरचा एक पंप पाण्याच्या खाली उतरवलेला असतो. स्ट्रॉने नारळपाणी पिताना स्ट्रॉला बारीक चीर असेल तर काय होतं? तोंडात हवा येते, पाणी येत नाही. पंपाच्या ओढीच्या पाइपालाही तसंच होतं. सुईएवढं भोक पुरतं.

ड्रेझरवर हे ओळखायला दोन काटे असतात, एक ओढीचा आणि एक ढकलीचा. काकांनी वहीच्या पानावर मला लिहून दिलं. ओढीचा काटा फार चढला, तर पाइपाचं तोंड तुंबलं. दोन्ही काटे पडले, तर हवा शिरतेय. ओढीचा पडला आणि ढकलीचा चढला, तर पुढचा पाइप तुंबला. तीन ओळी. “या तीन ओळींसाठी मी दोन वर्षं सारंगाची बोलणी खाल्ली,” काका म्हणाले. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाश्यांचा म्होरक्या.

आमच्या पंपाला कुठले काटे असणार! मग काकांनी माझ्याकडून वाटीभर साबणाचा फेस मागवला. पंपात वरून पाणी भरलं, फ्यूज लावला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि कोरड्या हाताने स्विच वर केला. मग पाइपाच्या प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावला. ओढीच्या बाजूला भोक असेल तर फेस आत खेचला जातो. एकाही जोडावर तसं झालं नाही. पाणी क्षणभर आलं आणि पुन्हा गेलं. काकांनी लगेच स्विच पाडला, फ्यूज परत खिशात गेला. “जोड चांगले आहेत. फूटव्हॉल्व्ह पाणी धरत नाही.”

फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाला, टाकीतल्या पाण्यात असलेली झडप. पाणी वर जाऊ देते, खाली परत येऊ देत नाही. तीच उघडी राहिली, की पंप बंद होताक्षणी पाइपातलं सगळं पाणी टाकीत उतरतं आणि पुढच्या वेळी पंप कोरडा.

टाकीत कोण उतरणार?

आता झडप टाकीच्या तळाशी. आमच्या वॉचमनचा अठरा वर्षांचा मुलगा लगेच पँट वर दुमडून तयार. “मी उतरतो, दोन मिनिटांचं काम.” आम्हीही ‘हो, बघ बाबा’ म्हणणारच होतो.

काका एरवी कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हा इतक्या जोरात ओरडले, की बारशाचे पाहुणे गॅलरीत आले.

बंद टाकी, विहीर, गटाराचं चेंबर, सेप्टिक टँक, जहाजाची बंद कोठी. या सगळ्यांत हवा दिसते तशी नसते. प्राणवायू कमी असतो, कधी विषारी वायू साठलेला असतो. आत गेलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवण्यावर तर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पाण्याच्या टाकीबद्दल मात्र आपण बिनधास्त असतो. पाणीच तर आहे, असं म्हणतो.

“आमच्याकडे बंद कोठीत जायचं तर आधी झाकणं उघडून वारा घ्यायचा, हवा तपासायची, कमरेला दोर, वर माणूस उभा,” काका म्हणाले. “आणि न उतरता काम होत असेल तर उतरायचंच नाही.”

न उतरताच काम झालं. पंपाजवळ पाइपाचा जो फिरवून सुटणारा जोड असतो, त्याला युनियन म्हणतात, तो त्यांनी सोडवला. पाइपाला नायलॉनची दोरी बांधली आणि दोघांनी मिळून झडपेसकट सबंध पाइप वर ओढून घेतला. झडपेत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकला होता आणि आतला रबरी पडदा झिजून फाटला होता.

शनिवारी दुपारी नवा पडदा कुठे मिळणार? काकांनी सायकलची जुनी ट्यूब मागवली, साबणाने धुतली, जुना पडदा तिच्यावर ठेवून कात्रीने गोल कापला. आपण ब्लाउजचा तुकडा कापतो ना, अगदी तस्सा. अर्ध्या तासात पंप सुरू. गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला आणि चौथ्या मजल्यावरून टाळ्या.

आम्ही आवराआवर करायला लागलो, तर काका म्हणाले, “वहिनी, एक लाल चिंधी द्या.”

मला वाटलं हात पुसायला हवी. त्यांनी ती पंपाजवळच्या पाइपाला गाठ मारून बांधली. खाली खडूने तारीख लिहिली आणि शब्द लिहिले, ‘झडपेत ट्यूब. बदलणे.’

चिंधीमागची गोष्ट

संध्याकाळी चहाला बोलावलं तेव्हा मी विचारलं, चिंधी कशाला?

काका बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं. ऐन तिशीतली गोष्ट. रात्रपाळी. ड्रेझरच्या मागे तरंगत्या पाइपांची लांबलचक रांग असते. त्यातल्या एका जोडाचं रबर फाटलं. काम थांबवलं तर ठेकेदाराचं नुकसान. काकांनी जुन्या टायरचा तुकडा घातला, साखळीने आवळला, गळती थांबवली. मात्र पंप अर्ध्या जोरावर चालवायचा आणि उजाडल्यावर रबर बदलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पहाटे पाळी बदलली. काका थकून झोपायला गेले. नव्या पाळीला सांगायचं राहून गेलं. अंधारात तो जोड इतर जोडांसारखाच दिसत होता. नव्या माणसाने पंप पूर्ण जोरावर घेतला आणि जोड सुटला. जवळ उभ्या असलेल्या खलाशी पोराच्या मांडीचं हाड मोडलं. पोरगा वाचला, पण कायमचा लंगडा झाला.

“माझं काम चांगलं होतं वहिनी. सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण ते रात्रीपुरतं होतं, हे फक्त मला माहीत होतं.”

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या सारंगाने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. एक लाल फडकं हातात दिलं आणि म्हणाला, यापुढे जे काम उद्या बदलायचंय, त्याला हे बांध. चिंधी दिसेपर्यंत काम झालेलं नाही असं समज. तेव्हापासून काकांच्या खिशात लाल फडक्याचे तुकडे असायचे. हळूहळू त्या ड्रेझरवर सगळेच बांधायला लागले. पाळी बदलताना नवा माणूस आधी चिंध्या मोजायचा.

ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. कारण मला आमची जुनी मोटर आठवली. आदल्या वर्षी पंपाचा फ्यूज सारखा उडायचा. रोज रोज कोण खाली जाणार, म्हणून ‘जाड तार घाला, म्हणजे कटकट नको’ असं इलेक्ट्रिशियनला मीच सांगितलं होतं. तो आधी नको म्हणत होता. मीच हट्ट केला. फ्यूज उडायचा थांबला. आम्ही खूश. चार महिन्यांनी एका रात्री एक फेज गेला, मोटर नुसतीच घुरघुरत राहिली, आणि फ्यूजने उडायचं ते जाड तारेमुळे उडालाच नाही. मोटर जळाली. खोलीभर धूर. रिवाइंडिंगला तीन दिवस लागले, तोवर टँकर. सगळ्यांनी मोटरच्या कंपनीला नावं ठेवली. तार माझ्या सांगण्यावरून घातली होती, हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. काकांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

ते म्हणाले, “त्याला चिंधी बांधूनही उपयोग नव्हता. गळती थांबवणं हा उपाय. ओरडणाऱ्याचं तोंड बांधणं हा उपाय नाही. फ्यूज उडतो म्हणजे ओरडतो.”

मैत्रिणींनो, ‘जुगाड’ या शब्दाचं आपल्याला फार कौतुक. काडेपेटीच्या काडीने, सेफ्टीपिनेने, चिकटपट्टीने आपण संसार चालवतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण काकांसारख्या मुरलेल्या माणसाकडून मी शिकले ते असं, की साधा उपाय करणं अर्धंच काम. तो किती दिवसांचा आहे आणि कुणाकुणाला माहीत आहे, हे उरलेलं अर्धं. कुकरची शिटी उडत नाही म्हणून तिच्यावर वजन ठेवणं, गॅसच्या नळीला चिकटपट्टी लावणं, इस्त्रीच्या वायरला नुसती टेप गुंडाळणं, ही जाड तारेची भावंडं. ती करायचीच नाहीत. गॅसची नळी आणि विजेची वायर बदलायचीच.

खाडीने काय शिकवलं

काकांचं शिक्षण ड्रेझरवर सुरू झालं नव्हतं. सोळाव्या वर्षी ते वसईच्या खाडीत मामाच्या रेतीच्या बोटीवर गेले. उल्हास नदी समुद्राला मिळते ती हीच खाडी, आपण लोकलमधून पूल ओलांडताना दिसते ती. तेव्हा रेती डुबी लावून काढायची. खाडीच्या तळात बांबू रोवायचा, तो धरून माणूस बालदीसकट खाली जायचा, श्वास कोंडून रेती भरायचा आणि वरचे लोक बालदी ओढून घ्यायचे. कान ठणकायचे. बायका संध्याकाळी बंदरावर येऊन उभ्या राहायच्या, सगळी डोकी मोजून मगच घरी जायच्या.

पुढे सक्शन पंप आले. माणसाने दिवसभर काढायची ती रेती पंप बघता बघता काढू लागला. वसई आणि ठाण्याच्या खाड्यांतून बेकायदा उपसा इतका वाढला, की काठ खचायला लागले, तिवरं उखडली, मासळीच्या जागा गेल्या. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर असाच बेकायदा रेतीउपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला होता. ही बाई मागे हटली नाही. पुढे आवाज फाउंडेशनमार्फत त्यांनी कोर्टात लढा दिला. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने लहान खाणी आणि रेतीच्या पट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी सक्तीची केली. सक्शन पंपाने रेती काढायला आपल्या राज्यात मनाई आहे. तरी चोरून पंप लागतात, आणि महसूल खातं ते पकडून तोडतं, अशा बातम्या आपण वाचतोच.

काका या विषयावर कमी बोलतात. एवढंच म्हणाले, “बंदरात आम्ही मोजून काढायचो. किती खोल जायचं ते नकाशावर ठरलेलं. खाडीत कुणी मोजलं नाही. आमच्या घरातल्या बायकांच्या टोपल्या हलक्या झाल्या, तेव्हा कळलं.”

त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती तर आपल्या कॅलेंडरमध्येच आहे. खाडीवरची सगळी कामं भरती-ओहोटीवर चालतात. जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती साधारण सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. तासभर इकडेतिकडे होतं, नेमक्या वेळेसाठी छापील तक्ता बघावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं. आपल्याकडचे बरेच नाले खाडीला जाऊन मिळतात. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आला, की नाल्याचं पाणी बाहेर जात नाही, उलटं रस्त्यावर येतं. पावसाळ्यात तळमजल्यावरचं सामान कधी उचलायचं, शाळेतून मुलांना कधी आणायचं, याचा अंदाज मी आता तिथी बघून बांधते. उपासासाठी बघायचेच, आता भरतीसाठीही बघते.

आमची रविवारची शाळा

त्यानंतर आम्ही पाच-सहा जणी काकांच्या मागे लागलो. चार रविवार त्यांनी आम्हाला पंपाच्या खोलीत उभं केलं. पहिल्या रविवारी त्यांनी कुठल्याच वस्तूला हात लावू दिला नाही. फक्त चांगल्या चालणाऱ्या पंपाचा आवाज ऐकवला. “बरा असतानाचा आवाज माहीत नसेल, तर आजारी कधी झाला ते कसं कळणार?” आपण मुलांच्या कपाळाला हात लावतो ते याच हिशेबाने, असं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी नटबोल्ट. चार नट असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे जोड सरळ बसतो. ड्रेझरवर आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आमच्याकडे रंग नव्हता. नेलपॉलिश होतं. आता आमच्या पंपाच्या सगळ्या नटांवर गुलाबी रेघा आहेत.

तिसऱ्या रविवारी बंद करायची रीत. गाळाचा पंप एकदम बंद केला, तर पाइपातली वाळू खाली बसते आणि दगडासारखी होते. वाळू पाण्याबरोबर वाहती ठेवायला पाइपातलं पाणी सेकंदाला साधारण तीन-चार मीटर वेगाने पळावं लागतं. म्हणून आधी गाळ घेणं थांबवायचं, नुसतं पाणी चालवून पाइप धुवायचा, मग पंप बंद. मिक्सरमध्ये चटणी वाटून झाल्यावर लगेच पाणी घालून फिरवतो, तसंच.

चौथ्या रविवारी काकांनी प्रत्येकीला एक लाल चिंधी दिली.

मागच्या महिन्यात काका मुलीकडे गेले होते आणि गच्चीवर जाणाऱ्या पाइपाच्या जोडातून पाण्याची चिळकांडी उडाली. मी पंप बंद केला, फ्यूज खिशात घातला. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळली, वर तार पिळली. गळती थांबली. मग चिंधी बांधली, तारीख लिहिली आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘हे तात्पुरतं आहे. सोमवारी प्लंबर येतोय.’ सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. येता-जाता प्रत्येक जण मला विचारत होता, “चिंधी अजून आहे?” शेवटी बुधवारी मी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. जोड बदलल्यावर चिंधी सोडवली, धुतली आणि पंपाच्या खोलीतल्या खिळ्याला वाळत घातली.

चिंधीच्या शेजारी टांगून ठेवा

* पंप चालू आहे पण पाणी येत नाही? लगेच बंद करा. पाण्याशिवाय चालल्यास आपोआप बंद करणारं यंत्र बाजारात मिळतं, ते बसवून घ्या.
* हात लावण्याआधी स्विच बंद, फ्यूज खिशात. एमसीबी असेल तर ती पाडून ‘काम चालू’ अशी पाटी लावा आणि एक माणूस तिथे उभा करा.
* आधी पंपात पाणी भरून बघा, मग जोडांवर साबणाचा फेस, मग फूटव्हॉल्व्ह. सोपं ते आधी.
* मोठ्या पंपाच्या दांड्याजवळ ग्रीसची दोरी भरलेली असेल, तर तिथून थेंब थेंब पाणी पडणं चांगलं. त्यानेच ती गार राहते. आवळून बंद करू नका. घरगुती लहान पंपाला बहुधा सील असतं. तिथून गळलं तर सील बदला.
* पाण्याच्या जोडाला जुनी रीत ताग आणि सफेद्याची. पिण्याच्या पाण्याला पांढरी टेफ्लॉन टेप बरी. नट ज्या दिशेने आवळतो, त्याच दिशेने गुंडाळा.
* फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कारण शोधा. जाड तार नको.
* टाकीत, चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. आत पडलेल्याला वाचवायला स्वतःही उतरू नका. आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.
* तात्पुरतं काम केलंत? चिंधी, तारीख आणि चार जणांना सांगणं.